किल्ली शेजारी ठेवली होती

माझ्या आईला माझ्या कादंबऱ्या आवडतात की नाही, हे मला बरीच वर्षे कळले नव्हते. ती त्या वाचायची, एवढे मात्र नक्की. दुपारची जेवणे आटोपली, की गॅलरीतल्या खुर्चीत बसायची, पुस्तक डोळ्यांपासून वीतभर अंतरावर धरायची आणि ओठ हलवत वाचायची. संपले, की ते देवघराशेजारच्या फळीवर ठेवून ‘झालं हो वाचून’ एवढेच म्हणायची. पासबुकात नोंद करून खिडकीतून परत द्यावे, तसा तो सूर असे. बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला त्याचे काही वाटू नये, पण लेखकाला वाटते.

२००९ साली माझी जी कादंबरी आली, तिच्या बाबतीत मात्र असे झाले नाही. ती कादंबरी आमच्या भिवंडीतल्या घरावर होती. नावे बदललेली, आळी बदललेली, वडिलांना हिशेबनिसाचा शाळामास्तर केलेला. पण घर तेच. मंडईमागचे कौलारू घर, वरची बुटकी माडी, मागच्या अंगणातली विहीर आणि भिंतीपलीकडच्या कारखान्यातली यंत्रमागांची खटखट. कादंबरीच्या शेवटी १९८४च्या दंगलीनंतर आठवड्याच्या आत ते कुटुंब पहाटेच्या अंधारात गाव सोडते. टेम्पो नाक्यावरून वळतो, आई एकदा मागे वळून पाहते आणि कादंबरी संपते. त्या शेवटाने डोळ्यांत पाणी आल्याची पत्रे मला कितीतरी वाचकांनी पाठवली. मी ती फायलीला लावून ठेवली आहेत.

आईने पुस्तक मिटले. फळीवर ठेवले नाही. मांडीवरच ठेवून म्हणाली, “हे कुणाचं घर लिहिलंस रे?”

“आपलंच की.”

“आपण कुठं पहाटे पळालो? आपण दिवसाउजेडी निघालो. अठ्ठ्याऐंशी साली. तुला बँकेकडून स्वस्तात कर्ज मिळत होतं म्हणून.”

वाचकहो, हा लेख त्या दोन वाक्यांविषयी आहे. ती ऐकून मी त्या दिवशी हसलो होतो. कादंबरी म्हणजे काही रेशनकार्ड नव्हे, असेही काहीतरी म्हणालो होतो. पण खाते जुळत नसले, की हिशेबनिसाच्या मुलाला झोप लागत नाही. गेली पंधराएक वर्षे मी ते जुळवतो आहे.

आईचे म्हणणे शब्दशः खरे होते. १९८४ साली मी चोविशीत होतो, बँकेत लागून दोन वर्षे झाली होती. दंगल झाली, संचारबंदी झाली, आमच्याच नव्हे तर सगळ्या गावाच्या पोटात गोळा आला. पण आम्ही गाव सोडले नाही. सोडले चार वर्षांनी. बँकेत नोकरांना घरासाठी सवलतीच्या व्याजाने कर्ज मिळते. मी ते घेतले, ठाण्यात तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला आणि आईवडिलांना म्हटले, चला. माझे लग्न ठरत होते. मुलीकडच्यांना भिवंडी म्हटले, की दोन गोष्टी आठवत, माग आणि दंगल. खरे सांगायचे तर मलाही तो पत्ता लग्नपत्रिकेवर नको होता.

एवढे साधे कारण कादंबरीत चालत नाही, असे मला तेव्हा वाटले. कर्जाच्या हप्त्यावर कोण रडणार? म्हणून चार वर्षांचे अंतर मी पुसून टाकले आणि माझ्या निर्णयाची जबाबदारी इतिहासावर टाकून मोकळा झालो.

हे करताना एक अडचण आली होती, ती आता सांगतो. निघताना वडिलांनी घराची किल्ली शेजारच्या खालांकडे ठेवली होती. आम्ही मुले त्यांना खाला म्हणायचो, आई त्यांना आपा म्हणे. त्यांच्या आणि आमच्या परसात एकच भिंत होती, छातीएवढी. त्यांच्या यजमानांचे आठ माग होते. पुढे अकरा वर्षे, म्हणजे वडील जाईपर्यंत, ती किल्ली खालांच्या स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीमागच्या खिळ्याला होती. वडील दर रविवारी ठाण्याहून एसटीने यायचे, खालांकडून किल्ली घ्यायचे, घराच्या खिडक्या उघडायचे, केर काढायचे, भिंतीवरच्या घड्याळाला चावी द्यायचे, तासभर नुसते बसायचे. मग खालांकडे चहा, किल्ली परत खिळ्याला, आणि दिवेलागणीला ठाण्यात. आम्ही घरात त्यांची थट्टा करायचो. नाना ड्यूटीला गेले, म्हणायचो.

ही किल्ली कादंबरीत बसेना. भीतीने पळालेला माणूस शेजाऱ्याकडे किल्ली ठेवून जात नाही. ज्याच्याकडे किल्ली ठेवता येते, त्याला भिऊन पळायचे कशाला? एक तर माझा शेवट खरा, नाहीतर किल्ली खरी. मी किल्ली काढून टाकली. किल्लीबरोबर खालाही गेल्या. त्यांच्या जागी मी एक बंद दार लिहिले.

आता या गोष्टीत भिवंडीच्या बाहेरचा एक माणूस आणतो. त्याचा आणि आमच्या गावाचा संबंध पुष्कळांना माहीत नसतो. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीत भिवंडीत दंगल पेटली. पुढे जळगाव आणि महाडलाही तिची झळ लागली, आणि न्यायमूर्ती मदन यांच्या आयोगाने तिची चौकशी केली. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. त्या दंगलीनंतर मुंबईहून बरीच मंडळी भिवंडीत येऊन गेली. त्यांत अभिनेते बलराज साहनी होते, आणि त्यांचे धाकटे बंधू, हिंदीतले लेखक भीष्म साहनीही होते. जळक्या गल्ल्यांतून हिंडताना भीष्मजींना आठवली ती त्यांची रावळपिंडी. त्यांचा जन्म तिथला, १९१५चा. १९४७च्या मार्चमध्ये तिथे दंगल उसळली, तेव्हा ते काँग्रेसचे काम करीत होते आणि जे पाहायचे ते सगळे त्यांनी पाहिले होते. मधली तेवीस वर्षे ते कादंबरीत उतरले नव्हते. भिवंडीची ती सुन्न गल्ली पाहिली आणि ते मनात जागे झाले, असे त्यांनी स्वतःच आपल्या आत्मचरित्रात सांगितले आहे. त्यातून ‘तमस’ लिहिली गेली. १९७५ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

मला या घटनेचे नेहमी नवल वाटते. एका माणसाचे हरवलेले घर त्याला दुसऱ्यांच्या जळक्या घरात सापडावे! बँकेत मी काही वर्षे लॉकरचे काम पाहिले. लॉकर एका किल्लीने उघडत नाही. एक किल्ली बँकेची, एक ग्राहकाची. दोन्ही लागल्या, तरच कुलूप फिरते. घराच्या आठवणीचे तसेच असावे. नुसती स्वतःची किल्ली घेऊन बसलेल्याला ते कपाट उघडता येत नाही. भीष्मजींना दुसरी किल्ली आमच्या गावाने दिली. मला ती माझ्या आईने द्यायची होती. मी मागितलीच नाही.

‘तमस’वर गोविंद निहलानींनी केलेली मालिका दूरदर्शनवर लागली ती १९८८च्या सुरुवातीला. ती बंद करावी म्हणून प्रकरण न्यायालयात गेले होते; मुंबई उच्च न्यायालयाने आणि मग सर्वोच्च न्यायालयाने ती दाखवायला हरकत नाही असा निर्वाळा दिला. म्हणजे आम्ही ती पाहिली ती भिवंडीतल्या त्याच घरात, ते सोडण्याआधी काही महिने. आमच्याकडे रंगीत संच होता म्हणून खाला, त्यांचे यजमान आणि सून रात्री आमच्याकडे येत. आई चटई घालायची. कुणी फारसे बोलत नसे.

त्यात म्हाताऱ्या हरनामसिंगची गोष्ट आहे. खेड्यात चहाचे दुकान चालवणारा शीख, गावात त्याचे एकच घर. त्याला आणि बंतोला, त्याच्या बायकोला, रातोरात निघावे लागते. दुसऱ्या गावात राजो नावाची मुसलमान बाई त्यांना आसरा देते. त्याच घरातले पुरुष लुटीची एक ट्रंक घेऊन येतात. ती नेमकी हरनामसिंगची असते. ते कुलूप तोडू लागतात, तेव्हा हा म्हातारा पुढे होऊन आपल्या ट्रंकेची किल्ली त्यांच्या हातात देतो. हरनामसिंगचे काम पडद्यावर खुद्द भीष्म साहनींनीच केले होते. बंतो होत्या दीना पाठक आणि राजो सुरेखा सिक्री. तो प्रसंग संपल्यावर खोलीतल्या शांततेत खाला एवढेच म्हणाल्या, “चलो, ताला तो नहीं टूटा.”

वडील काही बोलले नाहीत. मे महिन्यात आम्ही निघालो, तेव्हा त्यांनी कुलूप लावले, दोनदा ओढून पाहिले आणि किल्ली खालांच्या हातात दिली. त्यांच्या मनात तो प्रसंग होता की नाही, मला ठाऊक नाही. मी विचारले नाही. वडिलांना न विचारलेल्या प्रश्नांची यादी प्रत्येक मुलाकडे असते. माझी जरा लांबलचक आहे.

आपल्याकडे घरावर पुष्कळ लिहिले गेले आहे. एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’त मुंबईचा मुलगा गावी येतो, तो तात्याजी गेल्यावर. नेमाड्यांच्या ‘हिंदू’त खंडेराव मोहेंजोदडोहून मोरगावला निघतो, तो वडिलांच्या आजारपणाची तार आल्यावर. बाप अंथरुणाला खिळल्याशिवाय मुलगा घराकडे वळत नाही, असा जणू आपल्या साहित्यातच नव्हे तर आपल्या संसारातच नियम पडून गेला आहे. या थोर कृतींनी ही उशिराची वेळ तरी प्रामाणिकपणे दाखवली. आम्ही मधले लेखक मात्र घराकडे वळतो आणि तुळशीवृंदावन लिहितो, सारवलेले अंगण लिहितो, विहिरीचे गोड पाणी लिहितो.

मीही लिहिले होते. गोड पाण्यावर तर अर्धे पान. आईने तेही पकडले. म्हणाली, “पाणी गोड होतं, खरंय. पण काढत कोण होतं? उन्हाळ्यात पाणी खाली जायचं, रहाटाचा दोर ओढून माझे तळवे सोलायचे. ठाण्याला नळ आला आणि मी सुटले.”

मी गोंधळून विचारले, “मग तुला भिवंडी आठवत नाही?”

“आठवत नाही कशी? रोज आठवते. पण विहीर नाही आठवत.”

मग काय आठवते, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा विचारले आणि ती बराच वेळ बोलत राहिली. तिला आठवत होती माणसे, आणि तीसुद्धा कशी? देण्याघेण्यासकट. सत्तर सालच्या संचारबंदीत माझी धाकटी बहीण पाळण्यात होती. दूध मिळेना. खालांची शेळी होती. खाला भिंतीवरून फुलपात्र द्यायच्या, “भाभी, बच्ची का दूध,” एवढे म्हणायच्या आणि खाली वाकून निघून जायच्या. आमच्याकडे तांदूळ भरलेले होते, आईने त्याच भिंतीवरून सूप दिले. ते सूप परत आले, तेव्हा त्यात चार कांदे होते. रिकामे भांडे परत करायचे नाही, ही रीत दोन्ही घरांत सारखीच. दोन्ही घरांतली पुरुषमाणसे तेव्हा दाराला आतून पहार लावून बसली होती आणि एकमेकांनाच भीत होती, हेही आईने सांगितले. ते तिने लपवले नाही.

एक गोष्ट तिने अगदी हळू आवाजात सांगितली. “तू लिहिलंस, ‘अज्ञात जमाव आला.’ अज्ञात कुठला? पलीकडून आले त्यांतले दोघे तुझ्या नानांच्या साइझिंगमध्ये कामाला होते. आणि आपल्या आळीतून रॉकेलचे डबे घेऊन गेले, ते कोण होते? त्यांतल्या एकाच्या मुलीच्या लग्नात तू पंगतीत जेवला आहेस.”

कादंबरीत मी शेजाऱ्यांचे दार बंद केले होते आणि आमच्या आळीचे हात धुऊन काढले होते. दोन्ही खोटे. पण या दोन खोट्यांनी मिळून एक गोष्ट अशी गुळगुळीत झाली होती, की कुणाही वाचकाने ती न अडखळता गिळावी.

‘तमस’मध्ये एक कारकून आहे. दंगलीनंतर निर्वासितांच्या केंद्रात तो वही घेऊन बसतो आणि रडत आलेल्या माणसांना सांगतो, कहाणी नको, आकडे सांगा. किती मेले, किती जखमी, किती माल गेला. बँकेत असताना मला तो कारकून जवळचा वाटायचा. आता वाटते, मी त्याच्या उलट टोकाला जाऊन तेच केले. त्याला फक्त आकडे हवे होते, मला फक्त कहाणी हवी होती. समोरच्या माणसाचे नाव, साल आणि कारण दोघांनाही नको होते.

माझे एक लेखकमित्र म्हणतात, तू उगाच स्वतःला छळतोस. कादंबरी म्हणजे प्रतिज्ञापत्र नव्हे. साल बदल, माणसे बदल, लेखकाचा तो हक्कच आहे. हा हक्क मी नाकारत नाही. भीष्म साहनींनीही माणसे आणि प्रसंग रचलेच. पण त्यांनी काय केले पाहा. कादंबरी सुरू होते ती नत्थू या गरीब चांभारापासून. पाच रुपयांच्या आशेने तो एक डुक्कर मारतो. ते कशासाठी मागवले आहे, हे त्याला ठाऊक नसते. ते मशिदीच्या पायरीवर सापडते आणि शहर पेटते. आपली-परकी असली कुठलीच बाजू त्यांनी तिथे धुऊन काढलेली नाही. स्वतःचे गाव गमावलेल्या माणसाला ते किती सोपे होते!

तेव्हा बदल करावा की नाही, हा प्रश्न नाही. हिशेब तपासनीस कुठल्याही नोंदीला एक प्रश्न विचारतो, तो लेखकानेही स्वतःला विचारावा. या बदलाचा फायदा कोणाला झाला? माझ्या बदलाचा फायदा मला झाला. घर सोडण्याचा निर्णय माझा होता, तो माझ्या नावावरून उतरला. आणि नावे कोणाच्या पडला? ज्यांनी अकरा वर्षे आमची किल्ली सांभाळली, त्यांच्या.

हे केवळ माझ्या मनातले नाही. काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयात माझे भाषण झाले. शेवटी प्रश्नोत्तरे होती. डोक्यावर ओढणी घेतलेली एक मुलगी उभी राहिली. शुद्ध मराठीत म्हणाली, “सर, मी भिवंडीची आहे. तुमची कादंबरी वाचली. त्या आईच्या शेजारी कोण राहायचं? तुम्ही दार लिहिलंय, माणूस नाही लिहिला.” मी काल्पनिक लेखनाच्या स्वातंत्र्याबद्दल दोन वाक्ये बोललो. ती खाली बसली. टाळ्याही झाल्या. घरी येताना गाडीत मला त्या टाळ्यांची लाज वाटत होती.

त्या मुलीच्या पिढीला भिवंडीचे वेगळे चित्र ठाऊक आहे, आणि तेही खरेच आहे. १९८४ नंतर गाव शहाणे झाले. सुरेश खोपडे हे पोलीस अधिकारी इथे असताना मोहल्ला समित्या झाल्या. दोन्हीकडची माणसे एका चटईवर बसू लागली. १९९२-९३ साली मुंबई पेटली, तेव्हा ज्या भिवंडीची सगळ्यांना धास्ती होती, ती शांत राहिली. ही माझ्या गावाची केवढी मोठी गोष्ट! पण बाहेर गेलेल्या आम्हा मुलांच्या लेखनात भिवंडी अजून जळतेच आहे, कारण ती जळत राहिली, तर आमचे निघून जाणे शोभून दिसते.

आईवडिलांचे घराशी असलेले नाते आम्ही लेखक ‘हुरहुर’ या एका शब्दात बसवतो. ते सोपे पडते. हुरहुरीला काही करावे लागत नाही. भीष्म साहनींची ‘चीफ की दावत’ ही कथा पुष्कळांनी वाचली असेल. साहेब जेवायला येणार, म्हणून शामनाथला प्रश्न पडतो, म्हाताऱ्या आईला कुठे ठेवायचे? जुन्या कपाटाला आणि फुटक्या खुर्चीला जशी जागा शोधतात, तशी तो आईसाठी शोधतो. आम्ही कादंबरीत आईला गॅलरीत बसवतो आणि तिच्या डोळ्यांत गाव तरंगत असल्याचे लिहितो. तीही एक जागाच शोधलेली असते.

माझ्या आईने मला शिकवले ते असे. घर म्हणजे आपण कुठे राहिलो ते नव्हे, आपण कोणाचे काय लागतो ते. कोणाचे दूध प्यालो, कोणाला सूप दिले, कोणापासून भ्यालो, कोणाला भिववले. वडील दर रविवारी एसटीने जात, ते भिंती पाहायला नव्हे. त्या चहाचे, त्या खिळ्याचे काही देणे होते आणि ते फेडण्यासारखे नव्हते, म्हणून नुसते जाऊन येत. वडील १९९९ साली गेले आणि दोन वर्षांनी आम्ही घर विकले. सही करताना आईने एकच विचारले, “आपांना कोण सांगणार?” मी पत्र टाकतो म्हटले. मी पत्र टाकले नाही.

गेल्या दिवाळीत आईने भिवंडीला न्यायला सांगितले. ती आता नव्वदीला टेकली आहे. ठाण्याहून निघालो. कशेळी, काल्हेरच्या बाजूला पूर्वी भातखाचरे होती, तिथे आता गोदामांच्या रांगा आहेत. डोक्यावर मेट्रोचे खांब. मंडईमागे आमच्या घराच्या जागी चार मजली इमारत, खाली मोबाइलचे दुकान. आईने तिकडे फारसे पाहिलेच नाही. ती सरळ शेजारच्या दाराशी गेली. खाला काही वर्षांपूर्वीच गेल्या होत्या. दार त्यांच्या सुनेने उघडले, आता तीही पांढऱ्या केसांची. तिने आईला ओळखले, हाताला धरून आत नेले. माग केव्हाच भंगारात गेले होते, मुलगा गोदामात कामाला होता. पण मागच्या ओट्यावर आमचा पाटा होता. १९८८ साली ठाण्याच्या तिसऱ्या मजल्यावर तो कशाला, म्हणून मीच नको म्हटले होते. आईने तो भिंतीवरून दिला होता.

आईने पाट्यावरून हात फिरवला. म्हणाली, “टाकी लावून घ्यायला हवी गं, गुळगुळीत झालाय.”

“टाकीवाला आता येतच नाही, भाभी,” सून म्हणाली.

मग दोघी बराच वेळ टाकीवाल्याबद्दल बोलत राहिल्या. मी दाराशी उभा होतो. माझ्या कादंबरीत हे दार बंद होते.

ज्यांचे आईवडील हयात आहेत, अशा वाचकांना एक सुचवावेसे वाटते. त्यांना ‘जुने दिवस कसे होते’ असे विचारू नका. त्याला ‘बरे होते’ एवढेच उत्तर येते. निघताना किल्ली कोणाकडे ठेवली होती, असे विचारा. कोणाचे काय द्यायचे राहिले, असे विचारा. आणि निघालो ते कोणामुळे, हेही विचारा. या शेवटच्या उत्तरात तुमचे स्वतःचे नाव येण्याची तयारी ठेवा.

प्रकाशक आता कादंबरीची नवी आवृत्ती काढतो म्हणतात. शेवट बदलावा का, असा प्रश्न होता. बँकेत आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवले होते, की खातेवहीत झालेली चूक खरवडायची नसते, तिच्यावर पुन्हा लिहायचे नसते. ती तशीच दिसू द्यायची, उलट नोंद करायची आणि खाली सही करायची. म्हणून कादंबरी आहे तशीच राहील. उलट नोंद इथे करतो. आम्ही भिवंडी सोडली ती मे १९८८मध्ये, दिवसाउजेडी, मी घेतलेल्या कर्जाच्या घरात राहायला जाण्यासाठी. कोणी घालवले नाही. किल्ली शेजारी ठेवली होती.